हललेला भाग

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय कात्री,

सप्रेम नमस्कार. बायकोला नमस्कार लिहितात का, मला माहीत नाही. शाळेत मामाला आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहायला शिकवलं होतं, बायकोचा धडा नव्हता. ताईंना आणि साडूभाऊंना माझा नमस्कार सांग. मी बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. त्यातली एक माझ्यावर रुसली आहे, पण मरणार नाही असं शेजारच्या काकू म्हणतात.

काकूंना तू जाताना पहारेकरी नेमून गेलीस, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी चहा घेऊन आल्या, संध्याकाळी जेवण घेऊन आल्या, आणि मधल्या वेळात "सहज" तीनदा डोकावल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, गॅसला हात लावू द्यायचा नाही असा हुकूम आहे. म्हणजे रागावून घर सोडताना बाईसाहेबांनी माझ्या चहाची सोय आधी लावली! याला रागावणं म्हणतात का गं?

फोन सोडून हा पत्राचा उद्योग कशाला, असं म्हणशील. एक तर तू फोन उचलत नाहीस. दुसरं, बोलताना माझा शब्द अडकला की समोरचा माणूस घाईघाईने स्वतःचा शब्द पुरवतो आणि मग मी त्याच्याच वाक्यातून पुढे जातो. परवा दुकानात मला 'चाळणी' आठवेना. हाताने हलवून दाखवलं, तर दुकानदार म्हणाला, "झोपाळा? तो आम्ही ठेवत नाही." मीही मान हलवून परत आलो. कागद बिचारा थांबतो. मघाशी 'कुंडी' या शब्दाला बराच वेळ लागला, पण तुला कळलं का? नाही ना?

घर तसंच आहे. टेबलाच्या कोपऱ्यांना तू लावलेला स्पंज एका बाजूने सुटला होता, तो मी परत चिकटवला. कॅमेऱ्याच्या पेटीतला स्पंज कापून तू माझं डोकं वाचवायला टेबलाला लावलास, तेव्हा मी किती चिडलो होतो. लेन्स आता कशात ठेवायच्या, म्हणून ओरडलो होतो. आता ती रिकामी पेटी समोर दिसते. लेन्स मोज्यांत गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत, आणि त्या बाहेर काढायचं कामही पडत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण हवापाणी झालं, कुंड्या झाल्या, काकू झाल्या. आता दुसरं काही उरलं नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी मला ओळीने लिहू दे. माझ्या डोक्यात हल्ली ओळ राहत नाही.

लग्नाच्या हॉलमधल्या दिव्यांचा लोखंडी सांगाडा माझ्या डोक्यात पडला. त्याचे बोल्ट ढिले आहेत, हे हॉलच्या इलेक्ट्रिशियनने मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे वर बघून ओरडले म्हणे. मी बघितलं नाही, कारण आम्ही शूटिंगवाले वर बघत नाही, कॅमेऱ्यात बघतो, आणि कॅमेऱ्यात तेव्हा नवरा-नवरी हसत होते. टाके पडले. हॉलचे शेठ फळं घेऊन आले, "तू आमच्या घरचाच माणूस" म्हणाले. टाके निघाले, केस वाढले, मी परत कामाला लागलो. आणि काही महिन्यांनी एका साखरपुड्यात स्टँडसकट आडवा झालो. तिथून हे झटके सुरू झाले. शिडी बंद, गाडी बंद, झगमगाट बंद, म्हणजे धंदा बंद. नुकसानभरपाई मागितली त्या दिवशी मी शेठच्या घरचा माणूस राहिलो नाही.

त्यांचं म्हणणं साधं आहे. जखम भरली, माणूस चालत घरी गेला, पुढे त्याला फिट येतात तर तो त्याचा आजार. आपले डॉक्टर म्हणतात, मेंदूवर व्रण राहिला आहे, तिथून ठिणगी उडते. पण ज्या दिवशी मेंदूचा आलेख काढला, त्या दिवशी माझा मेंदू पाहुण्यांसमोर द्वाड पोर वागावं तसा शहाण्यासारखा वागला. आलेखात काहीच दिसलं नाही. मग आपल्या वकीलबाईंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढचा झटका मोबाईलवर घ्या, आणि यांना सांगू नका. सांगितलं तर हे अवघडून बसतील.

तू मला सांगितलं नाहीस याचा राग नाही. खरंच नाही. पण अगं, पडद्यावर काय दिसणार हे कळलं असतं, तर मी निदान खुर्ची नीट धरून तरी बसलो असतो.

मला फिट येते हे सगळ्या जगाला माहीत आहे, मला सोडून. मी तिथे नसतोच. मला तो जळक्या रबराचा वास येतो, आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर असतो, जीभ दुखत असते, आणि तू माझं नाव विचारत असतेस. मधलं काहीच नाही. ते मधलं मी पहिल्यांदा बघितलं ते कोर्टाच्या त्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर, शेठ आणि त्यांचे वकील आणि टंकलेखन करणारी मुलगी यांच्यासोबत.

पहिला विचार काय आला सांगू? हसू नकोस. शॉट चांगला आहे, असं मनात आलं. उजेड बरोबर बाजूने आलाय, मोबाईल आडवा धरलाय, हात कुठेही हललेला नाही. मग त्या जमिनीवरच्या माणसाच्या अंगावर माझा शर्ट दिसला. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, डोळे नुसते पांढरे, पाय जमिनीवर आपटत होते, आणि तोंडातून येणारा तो आवाज... माझ्या गळ्यातून तसला आवाज येतो हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. टंकलेखन करणारी मुलगी खाली बघायला लागली. मला तिच्यासमोर उघडं पडल्यासारखं झालं.

आणि मग त्यांचे वकील उठले. साहेब, बघा, म्हणाले. नवरा मरणाच्या दारात, आणि बायको काय करते? पडदा सरकवते, उजेड घेते, जागा बदलून पुढून शूटिंग करते. मोबाईल तर किती स्थिर! आमच्या घरी कुणाला ठेच लागली तरी माझ्या बायकोच्या हातातून कप पडतो. ही लग्नाच्या व्हिडिओची माणसं आहेत, साहेब, रडणाऱ्या बायका आणि हसणारे सासरे टिपण्यात यांची हयात गेली. हे नाटक यांनी घरी बसवलंय.

त्यांच्या माणसाने मोबाईलची फाईल तपासून सांगितलं की पुढून आणि मागून कापलेली आहे. न्यायाधीशांनी तुला विचारलं, मूळ फाईल कुठे आहे? तू म्हणालीस, पुसली गेली. न्यायाधीश म्हणाले, पुढच्या तारखेला मूळ फाईल आणा, नाहीतर हा पुरावा धरता येणार नाही. तू पुन्हा म्हणालीस, पुसली गेली, साहेब. चपलांकडे बघून म्हणालीस.

आणि कोर्टाच्या जिन्यात मी तुला म्हणालो, "तुला हात लावावासा वाटला नाही का गं?"

एवढंच म्हणालो. तू माझं कोपर धरून मला टॅक्सीपर्यंत नेलंस, दार उघडलंस, डोकं आपटू नये म्हणून वर हात धरलास. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरलीस. झटका आलेल्या माणसाला दाबून धरायचं नाही, बाजूचं सामान हलवायचं आणि थांबायचं, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मला माहीत होतं. माहीत असून बोललो.

तारखेला तुला यावं लागेल असं वकीलबाई म्हणतात. तारखेचं राहू दे. तू ये.

तुझा,
फोकस

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय कात्री,

साडूभाऊ तुझे कपडे न्यायला आले तेव्हा मागचं पत्र त्यांच्या हाती दिलं होतं. आज ते तुझा चष्मा न्यायला आले. मी विचारलं, "पत्र दिलंत?" म्हणाले, "दिलं." "वाचलं?" म्हणाले, "स्वयंपाकघरात घेऊन गेली, मग दार लावून घेतलं." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तुझ्या बहिणीने काय माणूस निवडलाय, पोटातलं ओठांवर येत नाही.

ते चहा पितायत, तोवर हे लिहितो.

हॉलचा मॅनेजर येऊन गेला. तडजोडीचा कागद आणला होता. फार गोड बोलला. शेठना वाईट वाटतं म्हणाला, किती दिवस कोर्टाच्या पायऱ्या चढणार म्हणाला, एकरकमी घ्या आणि मोकळे व्हा. फक्त सही करायची, की माझ्या झटक्यांचा आणि त्यांच्या सांगाड्याचा काही संबंध नाही. मी म्हटलं, मग पैसे कशाचे देताय? म्हणाला, माणुसकीचे. त्या पैशांत वर्षभराच्या गोळ्याही येणार नाहीत. वकीलबाई म्हणतात सही करू नका, पण मूळ फाईल नसेल तर त्यांच्याकडे तरी दुसरं काय आहे, तेही सांगत नाहीत. २० तारखेपर्यंत त्या कागदाची मुदत आहे. तारीखही त्याच दिवशी. तो कागद टीव्हीखाली ठेवलाय.

आता एक गोष्ट सांगतो, चिडू नकोस. काकूंकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

मला वाटलं, तुला यात ओढायचंच कशाला? मीच माझं शूटिंग करतो. न कापलेलं, न हललेलं, बायको नसलेलं. मग काय म्हणणार आहेत? म्हणून मोठा कॅमेरा काढला, मोज्यातून लेन्स काढली, स्टँडवर लावला आणि खोलीच्या मध्ये खुर्ची टाकून बसलो. दिवसभर कॅमेरा चालू, कार्ड भरलं की बदलायचं. किती महिन्यांनी कॅमेऱ्याला हात लागला, छान वाटलं. पहिल्या दिवशी नुसता पेपर वाचतानाचा मी आहे, मग पेंगतानाचा मी आहे. आयुष्यात एवढं कंटाळवाणं शूटिंग केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वास आला.

नंतर बघितलं. त्यात सगळं स्पष्ट आहे. पण त्यात कुणीच नाही, गं. माणूस वास आल्यासारखा नाक ओढतो, उठायला बघतो, पडतो. पडताना कपाटाला आपटतो. मग बराच वेळ ते सगळं चालू राहतं, आणि मग तो नुसता पडून राहतो. पंखा फिरतो. पडदा हलतो. तो माणूस जागा होतो, इकडेतिकडे बघतो, आणि तुला हाक मारतो. तुझं खरं नाव घेऊन हाक मारतो. परत मारतो. मग पुन्हा झोपतो. काकू डोकावल्या तेव्हा किंचाळल्या तेही त्यात आहे.

भुवईला थोडं लागलंय. टाके वगैरे काही नाहीत. बरं, आहेत, थोडे आहेत.

वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "स्टँडवर कॅमेरा लावून झटक्याची वाट बघत बसलात? हे त्यांच्या वकिलांच्या हाती पडलं तर आरतीच ओवाळतील ते तुमची." मलाही पटलं. मग आम्ही दोघं हसलो, आणि मग त्या हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मूळ फाईल खरंच पुसली गेली का हो?"

मी म्हटलं, ती म्हणते तर गेली असेल.

मी शोधलेलं नाही. तुझ्या एडिटिंगच्या मशीनला हातही लावलेला नाही.

साडूभाऊंचा चहा संपला. चष्मा पाठवतोय. काचा पुसल्या आहेत.

तुझा,
फोकस

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कात्री,

मागच्या पत्रात शोधलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. तू जिन्यातून उतरलीस आणि खालचं दार वाजलं, त्याच दिवशी शोधलं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी ती फाईल बघून बसलेला होतो. कुंड्या आणि चाळणी लिहीत होतो, आणि मनात ते चालू होतं.

पुसली गेली म्हणे! तू? अगं, ज्या बाईने लोकांच्या लग्नातला चुकून चालू राहिलेल्या कॅमेऱ्यातला जमिनीचा शॉट फेकला नाही, ती नवऱ्याची फाईल पुसेल? तुझा हा स्वभाव बाकी कुणाला माहीत नसेल, मला माहीत आहे. प्रत्येक कामाचा पुढचा-मागचा हिसका, कॅमेरा उचलतानाचा, ठेवतानाचा, तू छाटतेस आणि वेगळा ठेवतेस. मी कितीदा म्हटलं, हा कचरा कशाला जपतेस. तुझं उत्तर ठरलेलं. असू दे, कधी लागला तर. तुझ्या मशीनवर त्या कप्प्याचं नावच 'हललेला भाग' आहे. मला दुसरीकडे कुठे बघावंही लागलं नाही.

मला आधी वाटलं, तू सवयीने छाटलंस. वकीलबाईंनी फाईल मागितली, तुझा हात आपोआप चालला. हललेलं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, हे मीच तुला शिकवलं. नवीन लग्न झालं तेव्हा तुझे हात इतके थरथरायचे, आठवतं? मी तुला पाण्याने भरलेला पेला हातात देऊन घरभर फिरायला लावायचो. सांडला की परत पहिल्यापासून. मोठ्या हौसेने शिकवलं मी. आता त्यांचे वकील विचारतात, बायकोचा हात हलला कसा नाही.

सुरुवातीचा छाटलेला भाग आधी बघितला. त्यात मी म्हणतो, "वास येतोय गं." तू म्हणतेस, "हो, बस खाली, हळू." मला कुशीवर करतेस, उशी घालतेस, तिपाई सरकवतेस, मग कोर्टात सरकताना दिसला त्या पडद्याकडे वळतेस. उजेडासाठी नव्हे, त्या पडद्याची दोरी माझ्या पायात आली होती म्हणून. हे एवढं जरी ठेवलं असतंस ना, तरी त्या वकिलांचं अर्धं भाषण गेलं असतं. पण मोबाईल तेव्हा तुझ्या काखेत होता, सगळं उलटंसुलटं दिसतंय. म्हणून छाटलंस. ते मी समजू शकतो.

मग शेवटचा भाग.

तो सवयीने छाटलेला नाही, हे मला ऐकल्यावर कळलं.

झटका थांबत येतो आणि तू मोबाईल खाली ठेवतेस. ठेवतेस कसला, टाकतेस. तो कुठेतरी टेकून तिरका राहतो. त्यात माझं डोकं आहे, तुझी मांडी आहे आणि तुझा हात आहे. चेहरा दिसत नाही. तू माझं डोकं मांडीवर घेतेस आणि बाहीने माझं तोंड पुसतेस. रडत असतेस. इतका वेळ न हललेला तो हात इतका थरथरतोय, की तुला माझी लाळ एका दमात पुसता येत नाही.

आणि तू म्हणतेस, "सूट रे बाबा एकदाचा. तू तरी सूट, मलाही सोडव."

हे मी लिहिलं. बराच वेळ लागला. शब्द अडकले नव्हते.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. वाटलं, तुला ताईकडे फोन लावावा आणि वाटेल ते बोलावं. बरं झालं तू उचलत नाहीस. दोन दिवस मी काकूंशीही धड बोललो नाही. त्यांना वाटलं भाजीत मीठ जास्त झालं. मग मी ते परत बघितलं. धंद्यातली सवय, एकदा आवाजाशिवाय बघायचं, एकदा नुसता आवाज ऐकायचा. नुसता आवाज ऐकला तर असं वाटतं की ही बाई या माणसाला कंटाळली आहे. आवाज बंद करून बघितलं तर ती त्याचं कपाळ पुसते, त्याचा शर्टाचा वर गेलेला काठ खाली ओढते, त्याच्या कानामागची लाळ बोटाने काढते. कानामागची, कात्री. तिथे कोण बघतं?

दोन्ही तूच आहेस. मला त्यातलं एक काढून टाकता येत नाही. तू काढलंस खरं, पण तुलाही ते नीट जमलेलं नाही, पकडली गेलीस.

आणि तू म्हणालीस ते मी रोज म्हणतो. सकाळी उठलो की गोळी हातात घेऊन म्हणतो. तू ऑर्डरी घ्यायला एकटी फिरायचीस, लोक विचारायचे 'साहेब कुठे आहेत' आणि तू थापा मारायचीस, तेव्हा म्हणायचो. बाथरूमची कडी तू काढलीस त्या दिवशी आत बसून म्हणालो होतो. मी मोठ्याने म्हणालो नाही, एवढाच फरक. माझ्याजवळ कुणी मोबाईल टाकून ठेवला नव्हता.

आता कामाचं. ही फाईल दिली तर आपली बाजू उभी राहील असं मला वाटतं. पुढून-मागून सगळं दिसतं, नाटक कुणी असं बसवत नाही. वकीलबाई म्हणतील, खजिना सापडला. 'पुसली गेली' म्हणालीस त्याचंही त्या बघून घेतील, वस्तू हरवतात आणि सापडतात. पण द्यायची तर अख्खी द्यायची. तेवढं वाक्य काढलं की पुन्हा कापलेली फाईल, आणि पुन्हा तेच. म्हणजे तुझं ते वाक्य त्या भिंतीवर, मोठ्या आवाजात, शेठच्या आणि मॅनेजरच्या आणि त्या टंकलेखन करणाऱ्या मुलीच्या समोर वाजणार. त्यांचे वकील ते परत लावायला सांगतील. तुला उभं करून विचारतील, बाई, असं का म्हणालात? आणि तुला उत्तर द्यावं लागेल.

मी त्या खोलीत एकदा उघडा पडलोय. कसं वाटतं ते मला माहीत आहे. तुझ्याबाबतीत मी ते ठरवणार नाही.

म्हणून वकीलबाईंना काही सांगितलेलं नाही. साडूभाऊ उद्या तुझी शाल न्यायला येतायत. (शालीचं निमित्त कुणाचं आहे, तुझं की त्यांचं? बाहेर ऊन तापलंय.) शालीच्या घडीत एक छोटं कार्ड आहे, काळं, नखाएवढं. पडू देऊ नकोस. त्यात ती अख्खी फाईल आहे, पहिल्या हिसक्यापासून शेवटच्यापर्यंत.

आपला नियम तुला माहीत आहे. काम घरी आलं की दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. एक प्रत म्हणजे प्रतच नाही. सगळ्या हयातीत हा नियम मी एकदाही मोडला नाही, ताप असताना नाही, तुझे बाबा गेले त्या दिवशी सुद्धा नाही. या फाईलची दुसरी प्रत मी काढलेली नाही. मशीनवरची आज सकाळी पुसली. खरोखर पुसली, तू पुसलीस तशी नाही. आता आहे ती शालीत आहे.

तू ती घेऊन आलीस तर आपण मिळून वकीलबाईंकडे जाऊ, आणि ते वाक्य वाजेल तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेला असेन. नाही आणलीस, मोडलीस, नाल्यात टाकलीस, तर २० तारखेला मी त्या टीव्हीखालच्या कागदावर सही करीन. पैशांचं मग बघू, स्टुडिओ विकू, काहीतरी करू. तुला कधी एका शब्दाने विचारणार नाही. जिन्यातल्यासारखं तर नाहीच नाही.

फक्त एकदा बघ. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी. आधी आवाज बंद करून बघ. तू ते कधी नीट बघितलेलं नाहीस, मला खात्री आहे. ऐकलंस आणि घाबरून कापलंस.

भुवईचे टाके सोमवारी निघतील. कुंडीला नवीन पान आलंय. काकूंच्या चहात साखर फार असते.

तुझा,
अजून न सुटलेला,
फोकस